कुंकू लावलेला संगणक

कडेगावच्या पेठेत एका पतसंस्थेच्या दारावर काळ्या दगडाची पाटी आहे. गावातला पहिला संगणक त्या इमारतीत बसवला, असं तिच्यावर सोनेरी अक्षरांत कोरलंय. ही पाटी खोटी आहे. गावातला पहिला संगणक माझ्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात, मागच्या खोलीत, वार्निशच्या वासात, एका जुन्या दाराच्या फळीवर बसला होता. आणि तो पतसंस्थेच्या चांगला वर्षभर आधी बसला होता. हे मी इतकी वर्षं सांगत आलोय की लोक आता मला बघितल्यावर स्वतःच म्हणतात, "व्हय व्हय, तुमचाच पहिला." सुटका करून घ्यायची असते त्यांना. असो. आज छापून आलं.

धंदा रिवायंडिंगचा. शहरातल्या वाचकांना हे समजणार नाही म्हणून थोडक्यात सांगतो. आमचा भाग उसाचा. प्रत्येक विहिरीवर मोटार. विजेचा दाब कमी झाला की मोटार जास्त प्रवाह ओढते, तापते, आणि आतल्या तांब्याच्या तारेवरचं वेष्टण जळून जातं. मग शेतकरी ती मोटार बैलगाडीत किंवा मोटारसायकलला आडवी बांधून आमच्याकडे आणतो आणि म्हणतो, "काय न्हाई, जरा वास येतोय बगा." आम्ही जळकी तार काढायची, नवी तार तेवढेच वेढे मोजून भरायची, वार्निश पाजायचं, आणि पेटीत मोठा दिवा लावून त्याच्या उबेवर सगळं सुकवायचं. घाई केली तर पुन्हा जळते. हे काम मी कऱ्हाडला एका मिस्त्रीच्या हाताखाली झाडू मारता मारता शिकलो. आमच्या वस्तीतून पेठेत दुकान टाकणारा मी पहिला. याची पाटी कुणी लावली नाही, पण ती तक्रार वेगळी.

छंद मात्र नव्या यंत्रांचा. आमच्या भागात लष्करातली माणसं पुष्कळ. रजेवर येताना कुणी कॅलक्युलेटर आणायचं, कुणी वॉकमन. घरच्यांना चार दिवसांत कंटाळा यायचा आणि वस्तू माझ्याकडे यायची. माझी खरेदीची पद्धत ठरलेली होती. वस्तू हातात घ्यायची नाही. तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. शेजारच्या भंगाराची चौकशी करायची आणि जाता जाता "हे काय खेळणं?" म्हणून विचारायचं. समोरच्यानं किंमत सांगितली की हसायचं. खरं हसू यायला हवं, ते जमायला मला काही वर्षं लागली.

अशी मी एक डिजिटल डायरी घेतली. फोन नंबर साठवायची. तेव्हा गावात फोन मोजके, त्यांचे नंबर सगळ्यांना पाठ. मग मी तिच्यात गिऱ्हाइकांच्या मोटारी भरल्या. कुणाची किती अश्वशक्तीची, कितव्यांदा जळाली. मोठ्या रुबाबात गिऱ्हाइकाला त्याच्या मोटारीचा इतिहास वाचून दाखवायचो. एक दिवस सेल संपला आणि सगळा इतिहास गेला. एक बोलणारं घड्याळ घेतलं. दर तासाला त्यातली बाई इंग्रजीत वेळ सांगायची. आमच्या लतानं, म्हणजे बायकोनं, ते ट्रंकेत कपड्यांखाली घातलं. तरी बाई ट्रंकेतून बोलायची. शेजारच्या म्हातारीनं लताला विचारलं, "कोन पावनी आलीया गं? चार दिस झालं, भाइर कशी येईना?"

संगणक पुण्यातनं आणला. एका कंपनीनं जुने संगणक काढले होते. विकणाऱ्यानं सांगितलेल्या किमतीवर मी हसलो. तो चिडला. मीही चिडलो. मला राग लवकर येतो आणि सौद्यात त्याचा उपयोग होतो, पण त्या दिवशी खराच आला होता. शेवटी यंत्र त्याच्या किमतीला घेतलं, पण आवाजाचं कार्ड, दोन स्पीकर, एक मायक्रोफोन आणि सीडींचा एक गठ्ठा वर टाकायला लावला. त्याला वाटलं त्यानं गंडवलं, मला वाटलं मी गंडवलं. सौदा चांगला झाल्याची हीच खूण.

मॉनिटर गोधडीत गुंडाळून एसटीत मांडीवर घेतला होता. साताऱ्याकडचं खंडाळा सोडल्यावर घाटात कंडक्टर आला. "ह्याचं अर्धं तिकीट काढा."

"मांडीवरच्या पोराचं तिकीट कवापासनं लागाय लागलं?"

"पोराएवढं हाय व्हय ते? म्हैशीएवढं हाय."

साताऱ्यापर्यंत आमचं भांडण चाललं. उतरताना त्यानंच खालून हात देऊन मॉनिटर उतरवून घेतला आणि "जपून, पोराला वारं लागंल" म्हणाला.

गठ्ठ्यातल्या सीडींमध्ये एक कुंडलीची निघाली. जन्मवेळ घातली की पत्रिका तयार. आमच्या घरात छप्पन सालापासून बुद्धवंदना. पत्रिकेचा आणि आमचा संबंध नाही. पण गावभर बातमी पसरली आणि ज्यांनी कधी आमच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं ते पोरींच्या जन्मवेळा घेऊन दुकानात बसायला लागले. मी त्यांना स्पष्ट सांगायचो, हे यंत्र गणित करतं, भविष्य मला विचारू नका. ते म्हणायचे, तुमी नुसतं बटन दाबा. आधी चहा पाजायचो आणि मग बटण दाबायचो. सगळे चहा प्यायले. मला ते पुरेसं होतं.

दुसरी सीडी प्राण्यांची. चित्रावर टिचकी मारली की प्राण्याचा आवाज. ती बघायला आबा आले आणि तिथून ही गोष्ट सुरू होते.

आबा म्हणजे जनावरांच्या बाजारातले दलाल. आमच्याकडे हेडी म्हणतात. खरसुंडीच्या जत्रेत आबांचा आवाज एका टोकाला निघाला की दुसऱ्या टोकाचा बैल कान टवकारायचा. बैलाची स्तुती सगळ्या बाजारासमोर, घसा फाडून. किंमत मात्र मुकी. विकणाऱ्याचा किंवा घेणाऱ्याचा हात टॉवेलाखाली घ्यायचा आणि बोटं धरून आकडा सांगायचा. इतकी बोटं म्हणजे इतके शेकडे, हजार. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा दोघांतच. आणि टॉवेलाखाली ठरलेलं बाहेर बोलायचं नाही, हा नियम.

आबांनी सीडीतला बैल बघितला. परदेशी होता. बराच वेळ बघून म्हणाले, "शिंगं काढल्यात रं ह्याची. वशिंड बी न्हाई. दिनू, ह्याला कोन घेनार?"

"आवं आबा, तो विकायला न्हाई."

"मग हुबा कशाला केलाय?"

तेव्हापासून आबा रोज येऊन बसायचे. आमच्यात वयाचं अंतर मोठं, पण दोघंही घासाघिशीतले, त्यामुळे जमलं. पतसंस्थेच्या संगणक कक्षाचं उद्घाटन झालं तेव्हा आबा माझ्या शेजारीच बसले होते. अध्यक्ष अण्णा माइकवर "गावातला पहिला संगणक" म्हणाले आणि मी उभा राहिलो. म्हटलं, "अण्णा, माझ्याकडं गेल्या वर्षापासनं हाय."

अण्णा हसले. माइकवरच म्हणाले, "दिनकरशेठ, संगणक निराळा आणि खेळणं निराळं. तुमचं मागल्या खोलीतलं मोजायचं म्हटलं तर मग जत्रंतला पाळणा बी विमानच की."

सगळा मांडव हसला. आबा हसले नाहीत. मी मधूनच निघालो तेव्हा तेही उठले. त्यानंतर त्या इमारतीची पायरी मी चढलो नाही. खातं होतं, तेही बंद केलं.

पुढच्या उन्हाळ्यात आबांचा आवाज बसला. आधी वाटलं बाजारात ओरडून झालं असेल. मग मिरजेला दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की घशात गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, पण बोलता येणार नाही. गळ्याला एक भोक राहील, श्वास तिथून.

आबांनी दुकानात येऊन हे सांगितलं. त्यांच्या लेकीला, संगीताला, दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण, माहेरी होणार. थोड्या वेळानं त्याच बसक्या आवाजात म्हणाले, "नातवंडाला हाक कशी मारायची रं?"

मायक्रोफोन समोरच लोंबत होता. आजवर मी त्यात लताचं माझ्यावरचं रागावणं सोडलं तर काही भरलं नव्हतं. मी म्हटलं, "आबा, आत्ताच मारून ठिवा."

टेपरेकॉर्डर होता की, असं पुढं बऱ्याच जणांनी मला सुनावलं. होता. पण टेपवर पाहिजे तो शब्द शोधेपर्यंत बोलणं पुढं निघून जातं. संगणकावर एकेक शब्द वेगळा ठेवता येतो, बटण दाबलं की तोच येतो. आणि खरं सांगायचं तर, माझं यंत्र खेळणं नाही हेही मला दाखवायचं होतं.

मिरजेची तारीख येईपर्यंत आबा सकाळी, घसा जरा मोकळा असताना, यायचे. पहिल्या दिवशी मायक्रोफोनकडे संशयानं बघून म्हणाले, "हे मी सांगंल तेवढंच सांगंल नव्हं? न्हाईतर माझ्या आवाजात तुझंच कायतरी बोलंल. तुझा भरवसा न्हाई."

काय काय भरलं! "आगं ऐकलं का, च्या टाक." "पावनं, आधी दात बगा, मग बोला." "हॅ, हॅ, फिर रं राजा!" एक खळखळून हसणं. एक शिवी, ती लताला कळू न देता. आणि मग नावं. मुलगा का मुलगी ठाऊक नव्हतं, नाव ठरलं नव्हतं, म्हणून आबांनी दोन्हीकडची नावं हाकेसारखी म्हटली. संग्राम, विक्रम, राजा, सोन्या. मग अश्विनी, रूपाली, गौरी, चांदणी, हरणी.

मी थांबवलं. "आबा, ही पोरींची नावं का गोठ्यातली?"

"गौरी माझी कालवड हाय. म्हनून काय झालं? चांगलं नाव कालवडीला ठिवलं म्हनून वंगाळ हुतंय व्हय?"

मी सगळं सर्वांत भारी दर्जाच्या आवाजात भरलं. त्यामुळे एकेक हाक इतकी मोठी झाली की फ्लॉपीत मावेना. म्हटलं, असू दे, डिस्कवर आहे ना.

पावसाळ्यात शस्त्रक्रिया झाली. आबा वाचले. गळ्यातलं भोक झाकायला त्यांनी खांद्यावरचा टॉवेल गळ्याभोवती घ्यायला सुरुवात केली आणि तो चारचौघांत कधी काढला नाही. बाजार सोडला. गोठ्यात जायचे तेसुद्धा मुकाट. माझ्याकडे आले की कळफलकावर बोट ठेवायचे, "आगं ऐकलं का" ऐकायचे आणि खांदे हलवून हसायचे.

नवरात्रात संगीताला मुलगी झाली. तिनं बाळंतिणीच्या खाटेवरूनच सांगितलं, "आबांनी म्हटलेल्या नावांतलंच नाव ठेवायचं आणि पहिली हाक आबांचीच." सासरच्यांनीही मान्य केलं. तिनंच गौरी निवडलं. बारसं दसऱ्यानंतर. मी संगणक बैलगाडीतून आबांच्या घरी न्यायचं ठरवलं होतं, गाद्यासुद्धा बघून ठेवल्या होत्या.

खंडेनवमीला मी तांब्याच्या तारेसाठी सांगलीला गेलो. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा. नांगर, कोयता, वजनकाटा, शिवणयंत्र, ज्यावर पोट चालतं ते सगळं धुऊन, हळदकुंकू लावून पूजायचं. माझ्या दुकानात हे होत नाही. पण त्या दिवशी आबांच्या पत्नी शेवंताकाकी पूजेचं ताट घेऊन दुकानात आल्या. लता एकटी होती.

"लता, तुमच्यात करत न्हाईत, मला म्हाईत हाय," काकी म्हणाल्या. "पर त्यात आमचा मानूस हाय. एवढं करू दे."

लता नाही कसं म्हणणार? उलट तिनं यंत्र सुरू करून दिलं, काकींना आवाज ऐकू यावा म्हणून. "आगं ऐकलं का, च्या टाक." काकींनी डोळे पुसले. मग रीतीप्रमाणे आधी तांब्यातलं पाणी शिंपडलं, मग हळदकुंकवाच्या मुठी वाहिल्या. आता छंदिष्ट माणसाची एक सवय सांगतो. आम्ही संगणकाच्या डब्याला झाकण कधी लावत नाही. सारखा हात घालावा लागतो. डबा उघडाच होता. फट् असा आवाज झाला, जळका वास आला आणि पडदा काळा पडला.

मी परत आलो तेव्हा दोघी दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. मी काय काय बोललो ते लिहीत नाही. पेठेतली चार दुकानं गोळा झाली. काकी एकच म्हणत होत्या, "मीच घालवला रं त्येंचा आवाज." त्या तसं म्हणाल्या आणि मी ओरडणं सोडलं. तेवढ्यात आबा आले. त्यांनी डब्यात वाकून बघितलं. आत सगळं लाल-पिवळं. त्यांनी एका बोटानं थोडं कुंकू उचललं आणि काकींच्याच कपाळाला लावलं. मग तिथंच फळीवर बसून राहिले.

मी यंत्र खोललं. विजेची पेटी जळाली होती, मुख्य पाटी, म्हणजे मदरबोर्ड, गेली होती. पण डिस्क म्हणजे बंद डबी असते. तिच्या आत पाणी गेलेलं नसावं, फक्त बाहेरची पट्टी भिजलेली. आवाजाचं कार्डही भिजलं होतं. मोटारीच्या गुंडाळ्या सुकवायच्या पेटीत मी दोन्ही ठेवलं. मोठा दिवा लांब टांगला, मंद ऊब. घाई केली तर जळतं, हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. लताला म्हटलं, दसरा होईपर्यंत हे कुणी उघडायचं नाही. ती म्हणाली, "मी बघते. तुमीच उघडू नका."

दसरा झाल्यावर डिस्क घेऊन सांगलीतल्या एका संगणक दुकानात गेलो. त्यानं डबीच्या खाचांतलं कुंकू बघितलं आणि विचारलं, "हे काय, देवाला वाहिली होती काय?" म्हणाला, फेकून द्या, नवीन घ्या. जोडून तरी बघ म्हटलं तर म्हणाला, माझं यंत्र जळालं तर? आमचं वाजलं. मी त्याला जे सुनावलं त्यातलं निम्मं खरं तर अण्णांसाठी साठवलेलं होतं.

एसटीत परत येताना कळून चुकलं. डिस्क जोडायला दुसरा संगणक हवा. माझ्यावर विश्वास टाकून आपला संगणक उघडू देईल असा माणूस कुठंच नव्हता, आणि संगणक जवळपास एकच होता. काळ्या पाटीखाली. बारसं दुसऱ्या दिवशी.

आबा माझ्याबरोबर आले. मी त्या पायरीवर थांबलो, पाटी वाचली, पुन्हा चिडलो आणि आत गेलो. संगणक काचेच्या खोलीत होता, चपला बाहेर काढायच्या. अण्णा त्यांच्या खुर्चीत. ठेवीदारांची गर्दी.

"या दिनकरशेठ! वाट चुकला का?"

मी काय झालं ते सांगितलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ह्यात गावाच्या ठेवींचा हिशोब हाय. तुमची भिजलेली डबी लावायची आन उद्या काय झालं तर लोक मला धरत्याल."

हे बोलणं रास्त होतं. मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. मी सांगितलं, त्यांची डिस्क काढून बाजूला ठेवतो, माझी एकटीच लावतो. त्यांच्या हिशोबाला धक्का लागणार नाही. अण्णा विचारात पडले. तिथंच थांबले असते तर बरं होतं. पण समोर गर्दी होती आणि मी पहिल्यांदाच मागायला आलो होतो.

"लावा की," ते म्हणाले. "फकस्त एक करा. हितं सगळ्यांच्या समोर म्हना, गावातला पहिला संगणक संस्थेचाच. म्हना आन लावा."

मागे वळून मी दाराकडे निघालोसुद्धा. हे लिहिताना हात जरा थांबला, पण निघालो होतो हे खरं. दोन पावलं गेलो असेन.

मागं एकदम शांतता झाली म्हणून वळून बघितलं. आबांनी गळ्यातला टॉवेल काढला होता. शस्त्रक्रियेपासून कुणी पाहिलं नव्हतं ते भोक उघडं, श्वासाबरोबर हलणारं. माणसं बघत होती. आबांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते टेबलाशी गेले, अण्णांचा हात हातात घेतला आणि बाजारात घेतात तसा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकला.

अण्णा गडबडले. सगळ्या ठेवीदारांना कळलं की सौदा चाललाय. त्यातले निम्मे आबांकडून बैल घेतलेले. कुणी हललं नाही. टॉवेल जरासा हलला, मग हललाच नाही. किती वेळ ते सांगता येत नाही. अण्णांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. शेवटी त्यांनी हात काढून घेतला, चष्मा पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "लावा. काय बी म्हनायची गरज न्हाई."

मी त्यांची डिस्क काढून अण्णांच्याच हातात दिली, माझी लावली. आवाजाचं कार्ड बसवलं. स्पीकर जोडले. सुरू केलं. डिस्क फिरायला लागली तेव्हा तिचा बारीक घरघराट मला मोटार पहिल्यांदा पाणी उचलते तसा वाटला. पडदा उजळला. आबांच्या बोलांना मी दिलेली सगळी नावं ओळीनं उभी. मी पहिल्या लागेल त्या नावावर टिचकी मारली.

"पावनं, आधी दात बगा, मग बोला!"

काचेची खोली दणाणली. बाहेर एक म्हातारा उभ्या उभ्या म्हणाला, "आयला, आबा!" आणि सगळं ऑफिस हसायला लागलं. आबा खांदे हलवत होते. टॉवेल अजून हातातच होता. मी लगेच बरोबर आणलेला टेपरेकॉर्डर जोडला आणि एकेक हाक कॅसेटवर उतरवून घेतली. दोन कॅसेटी केल्या. एकदा पोळलं तेवढं बास.

बारसं आबांच्या घराच्या पुढच्या सोप्यात झालं. पाळणा सजवलेला, बायकांची गर्दी, पाहुण्यांत पुरुष मी एकटाच, कारण टेपरेकॉर्डर माझ्याकडे. आत्या कानात नाव सांगायच्या आधी आबा पुढं आले. मी कॅसेट बरोबर जागेवर आणून ठेवली होती. बटण त्यांनी स्वतः दाबलं.

"गौरी! ये गं गौरी!"

उन्हाळ्यातला आवाज. बाळ झोपलं होतं, ते झोपलेलंच राहिलं. पण मागच्या गोठ्यातून कालवड हंबरली. एकदा, मग पुन्हा, दावं ओढत, खुंटा हलवत. पावसाळ्यापासून तिनं मालकाची हाक ऐकली नव्हती. सोप्यात कुणालाच हसू आवरेना, काकी पदर तोंडात धरून हसत होत्या आणि रडत होत्या. आबा उठून गोठ्यात गेले. बराच वेळ आले नाहीत. मग आत्यानं नाव सांगितलं.

त्यानंतर आबा पुन्हा बाजारात जायला लागले. खांद्याला टेपरेकॉर्डर, गळ्यात टॉवेल. स्तुती कॅसेट करायची, सौदा बोटं करायची. गळ्यातला टॉवेल काढायची लाज त्या दिवशी पतसंस्थेतच गेली होती. सौद्याला तोच टॉवेल वापरायचे. दुसऱ्या दलालांनी तक्रार केली की आबाचं बोलणं मधेच तोडता येत नाही, बाकीच्यांचं येतं. मी नवं यंत्र घेतलं. झाकण लावून. दर खंडेनवमीला काकी यायच्या, झाकणावर एक बोट कुंकू लावायच्या, पाण्याचा तांब्या बाहेर ठेवून. लता झाकण बंद आहे का ते दोनदा बघायची.

आबा पुढं पुष्कळ जगले. गौरीला शाळेत सोडायला जायचे. त्यांनी टॉवेलाखाली अण्णांना काय आकडा दिला, हे मी किती वेळा विचारलं. खाणाखुणा करून, रागावून, चहा पाजून. ते फक्त ओठांवर बोट ठेवायचे. टॉवेलाखालचं बाहेर बोलायचं नाही. मी मनात खूप हिशोब केले. जमीन कबूल केली असेल, बैलजोडी, की ठेव. माझ्यासाठी केलेल्या सौद्याची किंमत मला ठाऊक नाही, हे मला फार टोचायचं.

आबा गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी अण्णा दुकानात आले. अध्यक्षपद मुलाकडे गेलेलं, हातात काठी. विहिरीवरची मोटार जळाली होती. मी ती उघडत उघडत विचारलं. म्हटलं, आता आबा नाहीत, नियम संपला. त्या दिवशी आकडा काय होता?

अण्णांनी काठी भिंतीला टेकवली. "आकडाच न्हवता रं," ते म्हणाले. "मी वाट बगत हुतो, आता बोट धरंल, मग धरंल. त्यानं एक बी बोट धरलं न्हाई. नुसता हात धरून हुबा. सोडंचना. मला काय करावं कळंना."

मी जळकी तार ओढत राहिलो. आयुष्यभर दुसऱ्याच्या मुठीत आकडे ठेवलेला माणूस. मी असतो तर काहीतरी देऊन बसलो असतो.

मोटारीचे पैसे मी अण्णांकडून पुरेपूर घेतले. त्यांनी घासाघीस केली, मी चिडलो, दोघांनाही बरं वाटलं. जाताना ते दारात थांबले. "दिनकर, पोराला सांगून ती पाटी बदलून टाकू का?"

मी विचार केला. समोर उभा होता तो सौदा इतकी वर्षं मागितलेला, आणि फुकट.

"राहू द्या," मी म्हणालो. "सकाळी तिच्यावर चिडल्याशिवाय मला दुकान उघडता येत नाही."